एक इंग्रजी शब्द आणि कुसुमची पाठ

मला एकच इंग्रजी शब्द येतो. तो कुठून आला आणि मी त्याचं काय केलं, हे अजून कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. यांच्या नाही, माझ्या बहिणीच्या तर नाहीच. देवासमोर हात जोडले की मी पटकन दुसरंच काहीतरी मागून घेते — यांची तब्येत, पाऊस, काहीही.

तशी मी बोलतेच कमी. अकोल्यात आमच्या गल्लीत सगळ्या म्हणतात, "ती बिचारी त तोंडातून अक्षर नाही काढत." माझ्यासमोरच म्हणतात. मी खाली बघते. खाली बघणं मला लहानपणापासून चांगलं जमतं. त्या खाली बघण्याबद्दलच सांगायचं आहे — पण एकदम नाही जमणार. तू जो कोणी हे वाचशील, जरा दम धर.

दुपार आहे. हे तेलाच्या मिलमध्ये गेलेत. वही मी मागच्या पानापासून लिहायला घेतली आहे. पुढून कुणी उघडली तर कोरी दिसावी म्हणून. बघ — कबूल करायला बसले, आणि लपवायची सोय आधी केली.

कुसुम माझी धाकटी बहीण. आठ वर्षांनी लहान. लग्न होऊन मी अमरावतीहून अकोल्याला आले तेव्हा ती दहा वर्षांची होती. पुढे ती नववीत असताना मी दिवाळीला माहेरी गेले होते. मी करंज्यांच्या लाट्या करत होते आणि ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "बाई, तुले एक शब्द सांगू? सुट्टी लागायच्या आंधी शिकवला."

मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात.

"इक्वलाइज," ती म्हणाली. "म्हणजे सारखं करणं. कमीजास्त असन ते बरोबरीत आणणं." मग वापर सांगितला, तिच्या शिक्षिकेनं वहीत लिहून दिलेला. तराजूची दोन पारडी इक्वलाइज करायची. लंगडीच्या सामन्यात मागे पडलेल्या मुलींनी शेवटी गुण इक्वलाइज केले. "आता तू एक वाक्य कर."

मी म्हटलं, "मी लाट्या इक्वलाइज करून राहिली."

ती इतकी हसली की परातीतलं पीठ उडालं. म्हणाली, "बाई, तू शाळेत असती त पहिली आली असती वं."

तिला काय माहीत? मी पहिलीच आले होते.

मी तिला विचारलं, "पण सारखं करायचं म्हणजे कमी असन त्याले वाढवाचं, का जास्त असन त्याचं काढाचं?"

"काई बी कर," ती म्हणाली. "सारखं झालं म्हणजे झालं."

तो शब्द माझ्याजवळ राहिला. दिव्याच्या वाती वळताना मी तो मनात म्हणायची. निऱ्या घालताना म्हणायची. एवढ्या मोठ्या भाषेतला एक तुकडा माझा होता — आणि तो कुसुमनं दिला होता, हे मी विसरले असं समजू नकोस.

आता मागे जायला पाहिजे.

मी चौथी पास झाले तेव्हा कुसुम दोन वर्षांची होती. माय कापसाच्या जिनमध्ये जायची, सकाळी जाऊन दिवे लागताना यायची. बाबाही तिथेच. आमचे मास्तर घरी आले होते. दारातच उभं राहून म्हणाले, पोरगी हुशार आहे, पाचवीत पाठवा. बाबा म्हणाले, "मंग ह्या लहानीले कोन सांभाळीन, मास्तर?" मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. झालं. एवढीच माझी शाळा.

चौथीचं पुस्तक मात्र मी ठेवलं होतं. कुसुमला कडेवर घेऊन तेच तेच धडे वाचायची. शाळेची घंटा आमच्या घरी ऐकू यायची — मधल्या सुट्टीची, सुटल्याची. घंटा झाली की माझ्या पोटात काहीतरी व्हायचं. तुझ्या झालं आहे का कधी असं? भुकेसारखं, पण जेवून न जाणारं.

ती तीन वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात मी चुलीशी भाकरी करत होते. पुस्तक बाजूला उघडं होतं. ती मागून आली, पुस्तकावर बसली, आणि हसत हसत एक पान फाडलं. मग दुसरं. माझ्या हातात सराटा होता — भाकर उलथायचा, लोखंडी, तापलेला. तिची पाठ उघडी होती.

माय आली तेव्हा मी सांगितलं, चुलीपाशी खेळता खेळता भाजली. मायनं लोणी लावलं, मलाही एक चापट मारली, लक्ष ठेवलं नाही म्हणून. पुढे जन्मभर माय तेच सांगत राहिली — पोरगी चुलीपाशी भाजली. कुसुमनंही तेच ऐकलं.

सराटा चुकून लागला नाही. मी लावला. तापलेली बाजू बघून लावला, आणि लगेच उचलला नाही.

मी अकरा वर्षांची होते. हे मी सूट मिळावी म्हणून लिहीत नाही. अकरा वर्षांच्या पोरीला लोखंड किती तापतं ते चांगलं कळतं — ती रोज भाकरी करते.

जखम भरली. मानेखाली, उजव्या खांद्याकडे, बोटभर लांब पांढरा चट्टा राहिला. गुळगुळीत. पाठीवरचा, त्यामुळे तिला कधी दिसला नाही. मला रोज दिसायचा. तिची वेणी मीच घालायची.

माझं लग्न बिजवराशी झालं. हे माझ्याहून तेरा वर्षांनी मोठे. पहिली बायको पहिल्याच बाळंतपणात गेलेली, याच घरात, याच मधल्या खोलीत. माणूस वाईट नाही. पण कुणी मला विचारलं नव्हतं. कुसुम मात्र शिकत होती. तिच्यासाठी कंदील, तिच्यासाठी दूध, तिच्यासाठी बाबा शाळेच्या फाटकापर्यंत. मी माहेरी गेले की ती मला शिकवायची. मीच तिला म्हणायची, माझ्या पत्रातल्या चुका सांगत जा. हे मीच म्हटलं होतं. ध्यानात ठेव, पुढे लागेल.

लग्नाला सात वर्षं झाली तरी मला मूल नव्हतं. मग दिवस राहिले. मार्चचा महिना होता, मला आठवा सरत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं — आणि त्या खोलीची तर मला इतकी भीती की तिथे झोपले की दुसरं कुणीतरी शेजारी श्वास घेतंय असं वाटायचं. मी बाबांना पत्र लिहिलं. आयुष्यात इतकं मोठं पत्र मी लिहिलं नव्हतं. सगळं लिहिलं — ती खोली, ती आधीची बाई, पाय सुजलेत, लवकर न्यायला या.

आठ दिवसांनी माझंच पत्र परत आलं.

त्यावर लाल पेन्सिलीनं गोल केले होते. अकरा गोल. खाली कुसुमचं सुंदर अक्षर — "दहापैकी चार. बाई, सुधारणा आहे!" आणि मागच्या बाजूला बाबांच्या दोन ओळी : कुसुमची मॅट्रिकची परीक्षा सुरू आहे. केंद्र लांब आहे, रोज न्यावं-आणावं लागतं. शेवटचा पेपर झाला की येतो.

ते आले. बारा दिवसांनी आले. मुलगी त्याआधीच झाली होती आणि गेलीही होती. दीड दिवस होती. तिला नाव ठेवायला कुणाला सुचलं नाही.

अमरावतीला असते तर ती जगली असती का? कुणास ठाऊक. कुसुमला पत्रातलं काय कळलं होतं? तिनं शब्द तपासले, मी सांगितलं होतं तसेच. सतरा वर्षांची पोर, डोक्यात पेपर. नंतर ती आली, माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हात त्या चट्ट्यावर थांबला. मला अजून आठवतं — मला त्या वेळी तो पहिल्यांदा लहान वाटला.

ते लाल गोलांचं पत्र मी पत्र्याच्या डब्यात ठेवलं. अजून आहे.

तीन वर्षं गेली. माय वारली. कुसुम कॉलेजात जाऊ लागली होती. तिला एक स्थळ आलं. मुलगा अमरावतीत हायस्कुलात मास्तर, घर मात्र आमच्या अकोल्याचं, पलीकडच्या गल्लीतलं. त्यानं कुसुमला बघायला आल्यावर सगळ्यांदेखत सांगितलं होतं की लग्नानंतरही शिका, बी.ए. करा. कुसुमनं मला पत्रात तीन वेळा लिहिलं — बाई, त्यांनी स्वतःहून सांगितलं. तीन वेळा, एकाच पत्रात. ती एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिणारी नव्हती.

आमच्यात सुपारी फुटायच्या आधी मुलाकडची एखादी जुनी बाई मुलीच्या नात्यात जाऊन येते. सहज आल्यासारखी येते, बसते, चहा घेते. पुरुषांच्या बैठकीत जे विचारता येत नाही ते विचारते. तशी त्या मुलाची आत्या माझ्याकडे आली. मी एकटीच होते.

इकडचं तिकडचं झालं. मग तिनं पाट जवळ ओढला.

"पोरगी सोन्यासारखी हाय," ती म्हणाली. "पोरगा त येडाच झाला. पण वेणी सरकली तवा मानेखाली पांढरं दिसलं मले. पुसलं त म्हणे, लहानपनी भाजली. आता माय त नाही तिची. तुमी होत्या घरात. तुमी कावून खोटं बोलसान? भाजलंच हाय ना? का… काही दुसरं?"

दुसरं म्हणजे कोड. तो शब्द कुणी तोंडानं म्हणत नाही.

मला एक अक्षर बोलायचं होतं. हो. एवढंच. त्यानंतर तिनं विचारलं असतं, कसं भाजलं? — ती भीती होती. पण नुसती भीती होती असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. चुलीपाशी भाजली, एवढं म्हणून भागलं असतं. माय तेच सांगायची. मलाही पाठ होतं.

मला त्या वेळी काय आठवलं सांगू? अकरा लाल गोल. आणि तो शब्द.

मी खाली बघितलं.

कपातल्या चहावर साय धरेपर्यंत मी खाली बघितलं. मग पदर डोळ्यांना लावला. डोळ्यांत पाणी नव्हतं.

आत्याबाईनं कप खाली ठेवला, अर्धा तसाच. माझ्या पाठीवर थोपटलं. "राहू द्या, बाई," ती म्हणाली. "समजलं मले. सख्ख्या बहिणीच्या तोंडून निघीन तरी कसं?" जाताना दारात म्हणाली, "तुमच्यासारखी गरीब बाई नाही पाहिली."

ती गेल्यावर मी कप विसळले. संध्याकाळी भाकरी केल्या. एकसारख्या झाल्या, एकही फाटली नाही. मला बरं वाटत होतं — हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते — मला खूप बरं वाटत होतं. किती दिवसांनी पोटभर जेवले. मी त्या पोरीला मनात म्हणाले, दीड दिवसाच्या माझ्या त्या पोरीला, की बघ.

स्थळ मोडलं. कारण कुणी सांगितलं नाही, पण अकोल्याचं बोलणं अमरावतीला पोचायला कितीसा वेळ? पुढची दोन स्थळं दारातूनच गेली. बाबा तिला एका वैद्याकडे घेऊन गेले. त्यानं बावचीचं तेल दिलं, लावून उन्हात बसायचं. चांगल्या कातडीवर फोड आले. बाबांनी तिला कॉलेजातून काढलं, कारण मैत्रिणी बाकावर सरकून बसू लागल्या होत्या.

शेवटी चांदूर बाजारच्या एका बिजवराला दिली. किराणा दुकान, आधीची दोन मुलं. तो म्हणाला, डाग असला तरी चालेल. लग्नात मी तिच्यामागे उभी होते, करवलीसारखी. एक बहीण बिजवराला, दुसरीही बिजवराला. मी मनात तो शब्द म्हटला.

आता आमचं बरोबर झालं, असं मला वाटलं. तिथेच थांबलं असतं तर — पण थांबलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला कुसुम माझ्याकडे आली. माय नाही, बाबा थकलेले, म्हणून माझंच घर तिचं माहेर. दुपारी दार लावून तिनं माझ्याकडे पाठ केली, चोळी खाली ओढली. म्हणाली, "बाई, खरं सांगशील? मी भाजली होती का मायनं मनानंच सांगितलं? माह्या मनाले बरं वाटावं म्हणून?"

म्हणजे तिलाही वाटू लागलं होतं की ते कोडच आहे. स्वतःची पाठ माणसाला दिसत नाही. ती भाजताना जगात फक्त मी पाहिली होती.

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "माय कायले खोटं बोलंन?" एवढंच. मी पाहिलं होतं, हे म्हणाले नाही.

मग तिनं काळा दोरा काढला. म्हणाली, याच्यानं मोज आणि तेवढाच तोड. पुढच्या वर्षी लावून पाहू, वाढला का ते. भाजल्याचा असेल तर वाढणार नाही. मी दोरा चट्ट्यावर धरला आणि दातानं तोडला. सासरी कुणाला दिसू नये म्हणून तो माझ्याकडेच ठेवला. पत्र्याच्या डब्यात, त्या पत्राजवळ.

पुढच्या दिवाळीला लावला. "तेवढाच हाय," मी म्हणाले. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

गेल्या दिवाळीला ती आली ती दारातूनच हसत आली. चांदूर बाजारच्या मुलींच्या शाळेत जागा निघाली होती. नवरा हो म्हणाला होता. चौथीचा वर्ग मिळणार होता. चौथीचा. "बाई," ती म्हणाली, "मी पोरींले सांगीन का माही बाई चौथी शिकली, पन माह्याहून हुशार हाय." मनापासून म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही नसतंच — यानंच तर मी जळते. दुपारी दार लावलं. मी दोरा काढला, चट्ट्यावर लावला. दोन्ही टोकं बरोबर जुळली, पहिल्यासारखीच.

मी म्हणाले, "तांदळाएवढा वाढला वाटते."

तिच्या पाठीवर काटा आलेला मला दिसला. चट्टा सोडून सगळीकडे — तिथे काटा येत नाही, तिथली कातडी मेलेली आहे. मग तिनं चोळी वर केली, बटणं लावली. शाळेत ती गेली नाही. फळ्याकडे तोंड करून उभं राहिलं की पोरींना पाठ दिसते, असं तिनं मला पत्रात लिहिलं. बावचीचं तेल पुन्हा सुरू केलं आहे, असंही लिहिलं.

माझा सूड कधीच पुरा झाला होता. मग हे कशासाठी? आता कोण कमी होतं आणि कोण जास्त? मी खूप विचार केला. उत्तर एकच येतं, ते चांगलं नाही. मला सारखं करायचंच नव्हतं. मला ती खाली हवी होती, मी उभी आहे त्याच्याही खाली. कुसुमच्या शिक्षिकेनं दिलेल्या वापरात हे बसत नाही. त्या शब्दाचा वापर मी पहिल्यापासून चुकीचा केला, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. मी हुशार होते.

काल तिचं कार्ड आलं. सोमवारच्या मोटारीनं येते आहे. एक ओळ शेवटी, बारीक अक्षरात : दोरा सांभाळून ठेवला असशीलच.

ठेवला आहे. आज डबा उघडून पाहिला.

सोमवारी दुपारी ती दार लावेल, माझ्याकडे पाठ करून बसेल. मी सांगेन का — सराटा, ते पान, आत्याबाई, तो तांदूळ? इथे मला लिहावंसं वाटत होतं की सांगेन. पण मी मला ओळखते. मी दोरा लावीन आणि म्हणेन, नाही गं, तेवढाच आहे, मागच्या वेळी माझीच नजर चुकली. तिचा श्वास सुटलेला मला ऐकू येईल. मग ती वळेल, माझा हात दोन्ही हातांत धरेल आणि दरवेळी म्हणते तेच म्हणेल — "बाई, तू हायेस म्हणून."

आणि मी खाली बघीन.